गळ्यात की खिशात?

अमरावती-अकोल्यात बर्फ म्हणजे रसवंतीवाल्याच्या ग्लासातला! तरी माझा अकोल्याचा एक दोस्त यंदा सुटी टाकून गुलमर्गला स्कीइंग शिकायला निघालाय. सोबत फिल्म कॅमेरा हवा म्हणे, आणि तोही काकांचा जुना, दणकट एसएलआर. मी म्हटलं, ‘कायले नेतं बे एवढं वजन?’

प्रश्न नुसत्या वजनाचा नाही, पडण्याचा आहे. नवशिका दिवसभर पडतोच. गळ्यात अर्धा किलोचा ठोकळा लटकत असेल, तर बरगड्यांचं काय? निकॉन एफएम2 सारख्या कॅमेऱ्याचं शटर बॅटरीविना चालतं, थंडीत ही मोठी सोय. पण भीतीपोटी तो बॅगेतच राहिला, तर उपयोग काय?

मग खिशातला घ्या. ऑलिम्पस म्यू-2 सगळ्यांचा लाडका. हलका, पाण्याचे शिंतोडे सोसणारा. माझी तक्रार एकच, त्यात एक्स्पोजर आपल्या मनाने वाढवता येत नाही. आणि बर्फात खरी गोची तिथेच! मीटर जगाला मध्यम राखाडी समजतो. पांढराशुभ्र उतार दिसला, की तो प्रकाश कमी करतो आणि बर्फ राखेसारखा उतरतो. रोलमध्ये फोटो 36, आणि बघायला मिळणार घरी आल्यावर!

म्हणून माझं मत १९७९ च्या ऑलिम्पस एक्सएला. वजन सव्वादोनशे ग्रॅमच्या आसपास, लेन्सवर सरकतं झाकण आणि तळाशी एक छोटा खटका, जो एक्स्पोजर दीड स्टॉपने वाढवतो. उजेडाकडे पाठ असलेल्या माणसांसाठी केलेली ही सोय बर्फाला अगदी फिट्ट बसते. मात्र बॅटरी संपली की हा ठप्प. साध्या एलआर44 ऐवजी एसआर44 टाका, थंडीत जास्त तग धरतात. जोडी खिशात जादा ठेवा. कॅमेरा जॅकेटच्या आत, पण छातीच्या मधोमध नको. हा वॉटरप्रूफ नाही, तेव्हा झिपची पिशवी हवीच. हॉटेलात शिरण्याआधी बाहेरच त्यात बंद करा, नाहीतर उबेत लेन्सवर दव धरतं.

आणि हो, परतल्यावर रोल लगेच धुवायला द्या. मार्च-एप्रिलच्या अकोल्यात तो टेबलावर विसरू नका. द्यायला उशीर होणारच असेल, तर फ्रिजमध्ये, लोणच्याच्या बरणीशेजारी!