बिऱ्हाड आणि अतिक्रमण

13 जुलै 2023 रोजी दिल्लीत जुन्या लोखंडी पुलापाशी यमुना 208.66 मीटरवर पोचली आणि 1978 चा उच्चांक मोडला. त्या दिवसांत यमुना खादरमधली कुटुंबं मयूर विहार फेज 1 च्या रस्त्याकडेला, उड्डाणपुलाच्या आसऱ्याला आली. ताडपत्र्या, शेगड्या, शेळ्या, दप्तरं. मी याच भागात राहते. त्यांतल्या एका बाईकडून मी कित्येक वर्षं पालक आणि मुळे घेत आले होते. त्या आठवड्यात तिला आम्ही सगळ्यांनी ‘पूरग्रस्त’ म्हटलं, चादरी दिल्या.

पाणी ओसरलं, तसा आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सॅप ग्रुपवर प्रश्न आला: हे अतिक्रमण कधी हटणार?

माणसं तीच, ताडपत्रीही तीच, फक्त शब्द बदलला होता. भाषांतर हा माझा व्यवसाय असल्यामुळे मला हा बदल निरुपद्रवी वाटत नाही. ‘अतिक्रमण’ म्हटलं की माणूस वाक्यातून बाहेर पडतो. उरते फक्त काढून टाकायची वस्तू. मराठीत याहून खरा शब्द आहे: बिऱ्हाड. घर नसलं तरी बिऱ्हाड असतं. चूल असते, झोपायच्या जागा ठरलेल्या असतात, कागदपत्रांची पिशवी कुठे टांगायची तेही ठरलेलं असतं. बिऱ्हाड हटवायचं म्हटलं, की कुणाचं आणि कुठे, हे विचारावंच लागतं.

हा प्रश्न आपल्याकडे जुना आहे. 1981 मध्ये मुंबईच्या फुटपाथवासीयांना हुसकावण्याचा आदेश निघाला, त्यातून ओल्गा टेलिस खटला उभा राहिला. 1985 मध्ये सरन्यायाधीश य. वि. चंद्रचूड यांच्या घटनापीठाने उपजीविकेचा हक्क हा जगण्याच्या हक्काचाच भाग मानला. हे वाक्य आपण अभिमानाने सांगतो. त्याच निकालाने महापालिकेचा हटवण्याचा अधिकारही कायम ठेवला आणि पावसाळ्यापुरती, 31 ऑक्टोबरपर्यंत, मुदत दिली, हे मात्र सांगत नाही. पर्यायी जागेचं आश्वासन 1976 च्या गणतीत ओळखपत्र मिळालेल्यांना होतं. म्हणजे हक्क सर्वांना आणि जागा कार्डवाल्यांना.

दिल्लीचं 2015 चं पुनर्वसन धोरणही तारखांवरच चालतं. वस्ती 1 जानेवारी 2006 पूर्वीची हवी, झोपडी 1 जानेवारी 2015 पूर्वीची हवी. शिवाय वस्ती म्हणवून घ्यायलाच किमान 50 घरं लागतात. खादरमध्ये शेताच्या कडेला विखरून राहणाऱ्यांनी ही पन्नाशी कशी गाठायची? आणि पुरात कागदच वाहून गेले तर तारीख कशाने सिद्ध करायची?

दिल्ली उच्च न्यायालयाने सुदामा सिंह खटल्यात (2010) आणि अजय माकन खटल्यात (2019) वेगळी वाट दाखवली होती: आधी सर्वेक्षण, मग रहिवाशांशी खरीखुरी चर्चा, त्यानंतरच पुढचं पाऊल. सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर 2024 मध्ये बुलडोझरच्या मनमानीला चाप लावला, 15 दिवसांची नोटीस सक्तीची केली. पण रस्ता, फुटपाथ, रेल्वेमार्गालगतची जागा, नदी आणि जलाशय इथली अनधिकृत बांधकामं या संरक्षणातून वगळली. बेघर माणूस राहतो तो नेमका तिथेच. नोटिशीची सगळ्यात जास्त गरज ज्याला, त्याच्यासाठीच अपवाद.

यावर माझे पर्यावरणवादी मित्र म्हणतात, नदीला तिची जागा परत द्यायला हवी. मान्य. राष्ट्रीय हरित लवादाने 2015 मध्ये पूरमैदानातली बांधकामं आणि खाद्यपिकांची शेतीही थांबवायला सांगितलं. पण याच काठावर अक्षरधाम उभं आहे, राष्ट्रकुल क्रीडाग्राम उभं आहे. क्रीडाग्रामाची जागा नदीपात्रही नाही आणि पूरमैदानही नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने 2009 मध्ये म्हटलं. म्हणजे सिमेंट-काँक्रीटसाठी नदीची व्याख्या मागे सरकू शकते. मग मुळ्याच्या वाफ्यासाठी तीच व्याख्या दगडावरची रेघ का होते?

मी उड्डाणपुलाखाली राहण्याचा हक्क मागत नाही. तिथे कुणालाच राहावं लागू नये. भारताने 1979 मध्ये स्वीकारलेल्या आर्थिक, सामाजिक हक्कांच्या कराराचा अर्थ लावणाऱ्या समितीनेही 1997 मध्ये साध्या अटी सांगितल्या: पुरेशी मुदत, बाधितांशी सल्लामसलत, रात्री किंवा वाईट हवामानात कारवाई नाही, आणि हटवल्यामुळे कुणी बेघर होता कामा नये. यांतली एकही अट महापालिकेला किंवा प्राधिकरणाला न झेपणारी नाही. हटवण्याआधी घरोघर नोंद करा. हरवलेल्या कागदाऐवजी शेजाऱ्याची, शाळेची साक्ष धरा. पर्यायी जागा कामाच्या आणि शाळेच्या आवाक्यात द्या, आणि ती हातात पडेपर्यंत ताडपत्रीला हात लावू नका.

आणि आपण, भाषेवर जगणाऱ्यांनी, निदान शब्द तरी उसना घेऊ नये. त्या ग्रुपवर मी उत्तर लिहिलं: ‘अतिक्रमण नाही, पूरग्रस्त. जुलैमध्ये आपणच म्हणालो होतो.’ दोन जणांनी अंगठा दाखवला, एकाने विचारलं की मग तुमच्या घरी का नेत नाही? मी विचारलं, त्या बाईचं नाव तुम्हाला माहीत आहे का? पाच वर्षं ती तुमच्याही दारात भाजी देते.

त्यावर अजून उत्तर आलेलं नाही.