जन्मवजनाची हरवलेली नोंद

ढोकी हे गाव महाराष्ट्राला ठाऊक झाले ते तेरणा साखर कारखान्यामुळे. मधुमेह, रक्तदाब, हृदयविकार ही सुखवस्तू शहरी माणसाची दुखणी, साखर पिकविणाऱ्याची नव्हेत, अशी समजूत ऊसपट्ट्यातल्या गावांत अद्याप टिकून आहे. पुढे या विकारांना बळी पडू शकेल असे मूल म्हटले, की गुबगुबीत शहरी मूलच डोळ्यांपुढे येते. त्यामुळे शोध भलत्याच ठिकाणी चालतो.

पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ पासून पुण्याजवळील सहा खेड्यांतील माता आणि पुढे त्यांची मुले यांचा अभ्यास केला. या बालकांचे जन्मवेळचे सरासरी वजन सुमारे २.७ किलो भरले. इंग्लंडमधील साउदॅम्प्टनच्या बालकांचे ३.५ किलोच्या आसपास होते. इथवर नवल नाही. नवल असे, की स्नायूंच्या बाबतीत पुष्कळच मागे असलेल्या या बालकांच्या पाठीवरील चरबी मात्र इंग्रज बालकांच्या तुलनेत फारशी कमी नव्हती. वरून किडकिडीत, आतून मेदयुक्त! त्याच खेड्यांत असेही दिसले, की गरोदरपणी जिला पाणी वाहणे, शेतात राबणे अधिक पडले, तिचे मूल लहान जन्मले. धाराशिव आणि बीड जिल्ह्यांतून दरसाल ऊसतोडीला जाणाऱ्या, पोटुशी असताना मोळ्या वाहणाऱ्या बायकांच्या मुलांविषयी यावरून काय समजायचे, हे वेगळे सांगणे नलगे.

दिल्लीतील एका दीर्घ अभ्यासाने २००४ साली यापुढची गोष्ट दाखविली. मोठेपणी ज्यांच्या रक्तातील साखर बिघडली, ते तान्हेपणी कृश होते आणि दोन ते बारा या वयात त्यांचे उंचीच्या मानाने वजन चढत गेले होते. तरीही बाराव्या वर्षी ते लठ्ठ म्हणण्याजोगे नव्हते. म्हणजे आजचे वजन एकटे काही सांगत नाही. ते जन्मवजनाशेजारी ठेवून वाचावे लागते.

आणि नेमके तेच आपल्याकडे अशक्य होऊन बसते. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ साली महाराष्ट्रातूनच, पालघर येथून सुरू झाला. त्याचे पथक वर्षातून एकदा शाळेत येऊन जन्मजात हृदयदोष, संधिवातज्वराने जडलेला हृदयविकार शोधते. हे काम मोलाचेच आहे. परंतु पहिलीत दाखल होणाऱ्या मुलाची जन्मतारीख, जात, आईचे नाव हे सारे दप्तरी लागते; जन्मवजनाला तेथे रकाना नाही. ते अंगणवाडीच्या नोंदवहीत आणि आईजवळच्या कार्डावर राहते. कार्ड तर उसाच्या फडावर कोपीबरोबर भिजून जाते.

प्रत्येक मुलाचे रक्त तपासा, असा आग्रह धरणे व्यवहार्य नाही आणि इष्टही नाही. सहा वर्षांच्या पोरावर ‘मधुमेही होणार’ असा शिक्का बसला, तर त्याचे भले होण्याऐवजी हसे होईल. मात्र जन्मवजन अडीच किलोहून कमी आणि आता वजन झपाट्याने चढते आहे, एवढी मुले निवडून त्यांचा रक्तदाब (मोठ्या माणसाचा नव्हे, लहान दंडाला बसेल असा पट्टा बांधून) आणि कंबरेचा घेर दरसाल पाहणे पथकाला जड नाही. त्यासाठी नवे खाते नको, बाहेरचा तज्ज्ञ नको. अंगणवाडी आणि जिल्हा परिषदेची शाळा कित्येक गावांत एकाच आवारात भरतात. आकडा या खोलीतल्या वहीतून त्या खोलीतल्या वहीत उतरवायचा आहे.