कॅमेरा फक्त आपल्याच जखमेपुरता नको

आज प्रत्येकाच्या खिशात कॅमेरा आहे. झुंडीच्या मारहाणीचा किंवा बुलडोझरचा व्हिडिओ आपल्या ग्रुपवर क्षणात फिरतो. फिरायलाच हवा. पण त्याच मोहल्ल्यात तोंडी तलाकने घराबाहेर काढलेल्या बहिणीचं म्हणणं कोणी रेकॉर्ड करतं का? तेव्हा आपण म्हणतो, ही घरातली गोष्ट आहे.

म्हणून आनंद पटवर्धन यांचे सुरुवातीचे दोन छोटे माहितीपट मला महत्त्वाचे वाटतात. १९७४ साली ते जयप्रकाश नारायण यांच्या आंदोलनासाठी बिहारमध्ये गेले. वय चोवीस, हाताशी पैसा नाही. उसन्या सुपर-८ कॅमेऱ्यावर चित्रण केलं, ते पडद्यावर दाखवून १६ एमएमवर पुन्हा टिपलं. त्यातून ‘क्रांती की तरंगें’ हा अर्ध्या तासाचा माहितीपट झाला. आणीबाणीत तो लपूनछपून दाखवावा लागला. प्रिंटचे तुकडे करून परदेशात पोहोचवले गेले.

१९७७ मध्ये जनता सरकार आलं. आता कॅमेरा बंद करून जल्लोष करता आला असता. पण पटवर्धनांनी १९७८ मध्ये ‘ज़मीर के बंदी’ केला. राजकीय कैदी आणीबाणीच्या आधीही होते आणि नंतरही आहेत, हे त्यात दाखवलं. सत्ता बदलली, तरी प्रश्न तोच ठेवला.

पुढे १९९२ चा ‘राम के नाम’ आपण डोक्यावर घेतला, कारण त्यात आपलं दुःख होतं. पण त्या कॅमेऱ्याचं इमान चौदा वर्षं आधीच सिद्ध झालं होतं.

काही मित्र म्हणतात, सध्याच्या वातावरणात घरातलं बाहेर काढलं तर विरोधकांच्या हाती कोलीत मिळेल. भीती खोटी नाही. पण आपण गप्प बसलो, तर आपल्या बहिणींची गोष्ट तेच सांगतील, स्वतःच्या सोयीने.

आम्हा असोदेकरांना नोंदीचं मोल वेगळं सांगायला नको. बहिणाबाई चौधरी याच गावच्या लेक. त्यांना लिहिता येत नव्हतं. घरच्यांनी त्यांची गाणी उतरवून ठेवली, म्हणून ती आज आपल्याला वाचता येतात. आपल्याही घरांत न लिहिलेलं खूप काही आहे. परवानगी घ्या, चेहरा नको असेल तर फक्त आवाज घ्या, पण ऐका. इन्साफ मागणाऱ्याने आधी स्वतःच्या दारात उजेड पाडायला हवा.