मुक्काम उद्याच्या बाजूला

नाशिकहून स्वतःची गाडी घेऊन मुंबईला निघालेल्या गृहस्थाला कसारा घाटाची भीती वाटत नाही. भीती वाटते ती ‘उतरायचे कुठे?’ या प्रश्नाची. नातेवाइकांकडे उतरावे, तर त्यांच्या दोन खोल्यांत आपले पाच जीव. शहरात लॉज घ्यावा, तर माणसांना खोली मिळते, गाडीला जागा मिळत नाही. तेव्हा मुक्काम शहराबाहेर करावा, हे शहाणपण गेल्या दिवाळीत मला सुचले.

आईला गिरगावातली तिच्या माहेरची चाळ एकदा पाहायची होती. चाळ पाडणार असल्याचे कानावर आले होते. तिथून पुढे चिपळूणला जायचे होते. मी ठाण्याच्या अलीकडे, हमरस्त्याला लागून, एक स्वस्त लॉज हुडकला. चांगले सहाशे रुपये वाचले! “स्टेशन दहा मिनिटांवर,” असे तिथला मॅनेजर म्हणाला होता. ती दहा मिनिटे बहुधा पहाटे तीनची असावीत. रात्रभर ट्रक आमच्या उशाशी गिअर बदलत होते आणि सकाळी स्टेशन गाठायला पाऊण तास लागला. गाड्या कल्याणकडूनच भरून येत होत्या. आईने तीन गाड्या सोडल्या आणि म्हणाली, “राहू दे रे, पुढच्या खेपेला बघू.”

सौ. काही बोलली नाही. तिचे ते न बोलणे मला चिपळूणपर्यंत पुरले.

यंदा मे महिन्यात सूत्रे तिने हाती घेतली. मी खोल्यांचे दर काढून बसलो, तर तिने विचारले, “अहो, दुसऱ्या दिवशी आपल्याला कुठल्या रस्त्याला लागायचंय?”

“गोव्याच्या.”

“मग मुक्काम पनवेलला!”

वाचकहो, यातली मेख ध्यानात घ्या. नाशिकहून येणारी गाडी मुंब्रा बायपासने पनवेलला उतरते; मुंबईत शिरावेच लागत नाही. गोव्याचा रस्ता तिथूनच फुटतो. आणि हार्बरची लोकल पनवेललाच सुटते, म्हणजे म्हाताऱ्या माणसाला बसायला जागा! फक्त रविवारचा मेगाब्लॉक तेवढा पाहून घ्यावा.

चिरंजीवांना अटल सेतूची हौस. २०२४ च्या जानेवारीत सुरू झालेल्या या २१.८ किलोमीटरच्या पुलावरून गाडीच थेट घालावी, असा त्यांचा आग्रह. “आणि गिरगावात ती लावायची कुठे? डोक्यावर?” या एका प्रश्नात सेतू मागे पडला. मी म्हटले, ऑक्टोबर २०२४ पासून मुंबईच्या वेशीवरचा टोल मोटारींना माफ आहे. “पैशांचा माफ आहे,” सौ. म्हणाली, “वेळेचा नाही.”

लॉज स्टेशनजवळचा, खोली तळमजल्यावरची, गाडी आवारात. पैसे थोडे जास्त पडले. सकाळी दहाच्या सुमारास गर्दी ओसरल्यावर आम्ही निघालो. आई खिडकीशी बसली आणि दीड तासाच्या आत बोरीबंदरला उतरली. पुढे टॅक्सी.

गिरगावात त्या जागेभोवती पत्रे लावलेले होते. आत मोकळे आकाश. आईने नातवाला बोटाने हवेतच दाखवले, “तिसरा मजला, कोपऱ्यातली खोली.” नातू मान वर करून बराच वेळ पाहत राहिला.

गेल्या दिवाळीतले ते वाचलेले सहाशे रुपये माझ्या हिशेबाच्या वहीत अजून जमेच्या बाजूला आहेत. ते तिथून खोडावेत, असे रोज वाटते.