टर्मिनलला रंग कळतात का? छोट्याशा प्रश्नामागचा मोठा धोका

८ सप्टेंबर २०२५ ला एनपीएमवरच्या १८ पॅकेजेसमध्ये चोरीचा कोड घुसवला गेला. या पॅकेजेसचे मिळून आठवड्याला २०० कोटींहून जास्त डाउनलोड्स होतात. बातम्यांचा भर क्रिप्टो चोरीवर राहिला. पण यादी नीट वाचली तर वेगळीच गोष्ट दिसते: चॉक, अँसी-स्टाइल्स, स्ट्रिप-अँसी, कलर-कन्व्हर्ट, सपोर्ट्स-कलर. यादीतली बरीच पॅकेजेस टर्मिनलमधल्या रंगांची आहेत. त्यातल्या सपोर्ट्स-कलरचं काम तर एकच आहे: समोरच्या टर्मिनलला रंग दाखवता येतात का आणि किती, एवढं सांगणं.

एवढ्याशा कामासाठी सगळं जग एकाच पॅकेजवर का अवलंबून राहिलं, ते आधी समजून घेऊ.

टर्मिनल स्वतःहून सांगत नाही

टर्मिनलमध्ये लाल अक्षर दाखवायचं तर प्रोग्रॅम मजकुराच्या आधी एक खास कोड पाठवतो. एस्केप नावाचं न दिसणारं अक्षर, मग चौकटी कंस, मग ३१ आणि एम. टर्मिनलला हा कोड कळला तर पुढचा मजकूर लाल होतो. कळला नाही तर तो कचरा म्हणून जसाच्या तसा स्क्रीनवर येतो. ही पद्धत १९७० च्या दशकातल्या टर्मिनल्सपासून चालत आली आहे.

अडचण अशी, की 'तुला किती रंग येतात?' असं विचारून सगळीकडे भरवशाचं उत्तर मिळेल अशी सोय नाही. म्हणून प्रोग्रॅम खुणा बघून अंदाज बांधतो:

१. आउटपुट खरंच टर्मिनलवर जातंय की फाइलमध्ये? फाइलमध्ये जात असेल तर रंग नको, नाहीतर लॉग फाइल कोडने भरून जाते.

२. 'नो कलर' हा एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल सेट आहे का? २०१७ मध्ये पुढे आलेला हा साधा संकेत आहे. तो रिकामा नसेल तर वापरणाऱ्याला रंग नकोत. याच्या उलट काम 'फोर्स कलर' करतो.

३. 'टर्म' या व्हेरिएबलमध्ये काय आहे? 'डंब' असेल तर रंग नाहीत. 'एक्सटर्म-२५६कलर' असेल तर २५६ रंग.

४. 'कलरटर्म' मध्ये 'ट्रूकलर' लिहिलंय का? असेल तर १ कोटी ६७ लाखांहून जास्त छटा.

५. विंडोज असेल तर बिल्ड नंबर कोणता? सपोर्ट्स-कलर १०५८६ पासून २५६ रंग धरतं आणि १४९३१ पासून ट्रूकलर.

यातही गोंधळ आहेच. बरीच टर्मिनल्स स्वतःला 'एक्सटर्म' म्हणवून घेतात, कारण तसं सांगितलं की सगळं चालतं. एसएसएचने सर्व्हरवर गेलात तर 'टर्म' सोबत जातं, पण 'कलरटर्म' सहसा मागेच राहतं. म्हणून घरच्या मशीनवर सुंदर दिसणारा तोच प्रोग्रॅम सर्व्हरवर फिका दिसतो. हे सगळे अपवाद कोण सांभाळणार? म्हणून सगळ्यांनी तयार पॅकेज घेतलं. त्यात आळसापेक्षा व्यवहार जास्त होता.

नंदुरबारमध्ये हे कसं दिसतं

मी नंदुरबारचा. घरी आलो की शहादा, तळोद्याकडची ओळखीची बीसीएची, इंजिनिअरिंगची मुलं हमखास एक स्क्रीनशॉट दाखवतात: ओळीच्या सुरुवातीला डावा बाण, कंस आणि आकडे. 'दादा, व्हायरस आहे का?' व्हायरस नसतो. विंडोज ७ वाला जुना कॉम्प्युटर असतो आणि त्याच्या कमांड प्रॉम्प्टला हे कोड कळतच नाहीत. गंमत म्हणजे ज्यांच्याकडे लॅपटॉप नाही आणि जी फोनवर टर्मक्स टाकून शिकतात, त्यांना २५६ रंग आरामात दिसतात.

जुन्या मशीनचा प्रश्न फक्त दिसण्यापुरता नाही. विंडोज ७ वर पायथॉन ३.८ च्या पुढे जाता येत नाही, नवीन नोडही चालत नाही. म्हणजे पुढे सांगतोय त्यातल्या बऱ्याच सुधारणा या मुलांपर्यंत पोचतच नाहीत.

त्या दिवशी काय झालं

पॅकेजेस सांभाळणाऱ्या एका डेव्हलपरला एनपीएमच्या नावाने खोटा ईमेल आला: टू-फॅक्टर ऑथेंटिकेशन अपडेट करा, नाहीतर खातं लॉक होईल. त्यातून खातं हल्लेखोरांच्या हातात गेलं आणि बिघडवलेल्या नव्या आवृत्त्या प्रकाशित झाल्या. तो कोड ब्राउझरमध्ये चालायचा आणि क्रिप्टो व्यवहारात पैसे घेणाऱ्याचा पत्ता गुपचूप बदलायचा. साधारण दोन तासांत या आवृत्त्या काढायला सुरुवात झाली आणि चोरी फार मोठी झाली नाही.

पकडले कसे गेले? एका टीमचा बिल्ड अचानक तुटला, 'फेच' सापडत नाही म्हणून. नोडच्या जुन्या आवृत्त्यांमध्ये 'फेच' नव्हतंच. म्हणजे जुन्या नोडमुळे हा कोड अडखळला आणि लोकांचं लक्ष गेलं. सगळीकडे नवीन नोड असता तर कदाचित आणखी थोडा वेळ कुणाला पत्ता लागला नसता. हे मला जास्त काळजीचं वाटतं, कारण हा बचाव ठरवून केलेला नव्हता.

रंग आता भाषेतच येतायत

चांगली बाजू अशी, की हे काम हळूहळू भाषांच्या आत येतंय. ऑक्टोबर २०२४ मधल्या पायथॉन ३.१३ पासून एरर मेसेज आपोआप रंगीत येतात, ऑक्टोबर २०२५ च्या ३.१४ मध्ये इंटरॅक्टिव्ह शेलमध्ये टाइप केलेला कोडही. दोन्ही 'नो कलर' पाळतात. नोडमध्ये 'स्टाइलटेक्स्ट' नावाचं फंक्शन आलंय, ज्यामुळे साध्या रंगांसाठी चॉकची गरज उरत नाही. आणि किती रंग येतात हे विचारणारं 'गेटकलरडेप्थ' तर नोड ९.९ पासून आहे, म्हणजे जुन्या मशीनवरही मिळतं.

माझं मत स्पष्ट आहे: नवीन प्रोजेक्टमध्ये फक्त रंगांसाठी बाहेरचं पॅकेज घेऊ नका. पॅकेज वाईट आहे म्हणून नाही. प्रत्येक पॅकेज म्हणजे आणखी एका माणसाच्या ईमेलवर टाकलेला विश्वास असतो, आणि दमलेल्या माणसाकडून एक क्लिक कधीही होऊ शकतो.

तुम्ही काय करायचं

- 'एनपीएम एलएस' आणि पुढे पॅकेजचं नाव देऊन बघा. तुम्ही न मागवलेलं सपोर्ट्स-कलर कुणामार्फत आलंय ते कळेल.
- लॉक फाइल गिटमध्ये ठेवा आणि सर्व्हरवर 'एनपीएम सीआय' वापरा. मग त्या दोन तासांत बिल्ड झाला असता तरी आधीचीच आवृत्ती आली असती.
- पीएनपीएमच्या १०.१६ पासून 'मिनिमम रिलीज एज' हे सेटिंग आहे. नवीन आवृत्ती ठरावीक वेळ जुनी होईपर्यंत ती घेतलीच जात नाही. एक दिवस ठेवला तरी अशा हल्ल्यातून वाचाल.
- स्वतःचं टूल लिहिताना 'नो कलर' पाळा आणि फक्त रंगावर विसंबू नका. लाल अक्षरांसोबत 'चूक' हा शब्दही छापा. लाल-हिरवा फरक न कळणाऱ्या माणसालाही ते वाचता येईल आणि शहाद्यातल्या विंडोज ७ वरही.