ठराव आणि भावकी

मे 2022मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातील हेरवाड ग्रामपंचायतीने पतीच्या निधनानंतर पत्नीचे कुंकू पुसणे, बांगड्या फोडणे, मंगळसूत्र तोडणे आणि जोडवी काढणे या प्रथा बंद करण्याचा ठराव केला. त्याच महिन्यात ग्रामविकास विभागाने परिपत्रक काढून इतर ग्रामपंचायतींनीही हा कित्ता गिरवावा, असे सुचवले. एका गावाचे पाऊल राज्याच्या धोरणात उमटावे, ही लहान गोष्ट नाही. मात्र मंजूर ठरावांची संख्या म्हणजेच बदल, असे मानले गेले तर हानी होईल. कारण अंमलात न येणारा ठराव नुसता निष्फळ ठरत नाही, तो ज्या रूढीविरुद्ध केला तिलाच बळ देऊ शकतो.

असे का व्हावे, हे समजण्यासाठी रूढी कशावर उभी असते ते पाहावे लागेल. ती लोकांना पटते म्हणूनच टिकते, हे गृहीतक अपुरे आहे. सामाजिक मानदंडाला दोन अपेक्षांचा आधार असतो: इतर जण असेच वागतील ही एक, आणि आपण तसे न वागल्यास ते आपल्याला दोष देतील ही दुसरी. अंत्यविधीला जमलेल्यांपैकी अनेकांना हा प्रकार मनातून नकोसा वाटत असला, तरी प्रत्येक जण भावकीच्या मौनाचा अर्थ संमती असा लावतो आणि स्वतः गप्प राहून त्याच गैरसमजात भर घालतो. घर शोकात, वेळ थोडा आणि निर्णय वडीलधाऱ्यांच्या हाती. अशा वेळी शंका बोलून दाखवायला जागाच उरत नाही.

हे मौन फोडणे हे अल्पमताचे कार्य असते, आणि त्याची मुख्य अट सातत्य ही आहे. सर्ज मॉस्कोव्हिसी यांच्या 1969च्या प्रयोगात सहा जणांच्या गटातील दोघे, संशोधकांशी आधी ठरवल्याप्रमाणे, निळ्या स्लाइडना दर वेळी हिरव्या म्हणत राहिले, तेव्हा उरलेल्यांच्या सुमारे 8 टक्के उत्तरांत हिरवा रंग आला. त्या दोघांचे म्हणणे बदलते ठेवल्यावर हे प्रमाण सव्वा टक्क्यापर्यंत घसरले. डेमन सेंटोला आणि सहकाऱ्यांच्या 2018च्या प्रयोगात निर्धारी अल्पमत सुमारे 25 टक्क्यांवर पोचल्यानंतर गटातील प्रस्थापित संकेत उलटला. हा आकडा जसाच्या तसा गावाला लावता येणार नाही, कारण प्रयोगशाळेत बहिष्काराची भीती नसते आणि मुलीचे लग्न अडत नाही.

विधवाविवाहाचा इतिहास हीच अट अधिक कठोरपणे दाखवतो. 1856च्या कायद्याने विधवाविवाहाला मान्यता दिली, पण भावकीच्या अपेक्षा कायद्याने बदलल्या नाहीत. 1873मध्ये पहिल्या पत्नीच्या निधनानंतर विधवाविवाहाचे पुरस्कर्ते असलेल्या न्या. रानडे यांना वडिलांच्या आग्रहापुढे नमते घेऊन 11 वर्षांच्या रमाबाईंशी विवाह करावा लागला. त्यांच्या निष्ठेविषयी शंका घेण्याचे कारण नाही. पण पाहणाऱ्याला विचार दिसत नाही, कृती दिसते. धोंडो केशव कर्वे यांनी 1893मध्ये गोदूबाई या विधवेशी विवाह केला, मुरुडकरांचा बहिष्कार सोसला आणि विधवांच्या शिक्षणाचे काम पुढील अनेक दशके सोडले नाही. असे करता येते, आणि त्याची किंमत मोजूनही माणूस उभा राहतो, हे त्यातून इतरांना दिसले.

या कसोटीवर आजचा ठराव पाहावा. ग्रामसभेत हात वर करण्याची किंमत जवळजवळ शून्य असते. खरी किंमत ठरावानंतरच्या पहिल्या अंत्यविधीत मोजावी लागते. तेथे जुनीच प्रथा पाळली गेली, तर हात वर केलेलेही शेवटी तेच करतात, हे साऱ्या गावाला एकाच वेळी दिसते. आधी जो केवळ अंदाज होता, त्याला आता पुरावा मिळतो. आणि पुढच्या घरातील विरोधकाला आपण एकटे आहोत, असे समजण्यास सबळ कारण मिळते. ‘अजूनही घरोघरी हेच चालते’ असा प्रचारही, हेतू निषेधाचा असला तरी, सारे जण हेच करतात एवढीच माहिती पोचवतो.

आणखी एक गोष्ट नजरेआड करता येणार नाही. ही यंत्रणा नीतीबाबत तटस्थ आहे. बंद पडलेली एखादी प्रथा परत आणू पाहणारे मूठभर लोक सातत्याने आणि उघडपणे वागत राहिले, आणि बाकीचे सौजन्यापोटी गप्प राहिले, तर तीही त्याच मार्गाने परतेल.

म्हणून मोजायचे ते ठराव नव्हेत, तर ठरावानंतरचे अंत्यविधी. मृत्यू घरात येण्यापूर्वीच भावकीतील दोन-चार कुटुंबांनी आपला निर्णय एकमेकांसमोर, स्त्रियांच्या उपस्थितीत सांगून ठेवला असेल, तर त्या दिवशी नकार देणारी व्यक्ती एकटी पडणार नाही. हा आधार उभा न करता केलेला प्रत्येक नवा ठराव, त्या घरातल्या सुनेने उद्या ‘नको’ म्हटले तर तो शब्द आजच्यापेक्षा हलका करून ठेवेल.