गुरूंना विचारायचं नाही?

आमच्या गल्लीत दर गुरुवारी सत्संग असतो. मीही जाते. घटकाभर मनाला बरं वाटतं, खोटं कशाला सांगू? परवा एका वहिनींनी विचारलं, "वर्गणी जमते, तिचा हिशेब कोण ठेवतं?" सगळ्या गप्प. एक काकू म्हणाल्या, "गुरूंवर संशय घेऊ नये गं, पाप लागतं."

मैत्रिणींनो, या गप्प बसण्याची किंमत मोठी असते. सिरसाच्या डेरा सच्चा सौदामधल्या एका साध्वीने २००२ साली निनावी पत्रातून आपल्यावरचे अत्याचार पंतप्रधानांना कळवले. ते पत्र छापणारे पत्रकार रामचंद्र छत्रपती यांचा त्याच वर्षी खून झाला. अत्याचारांबद्दल गुरमीत राम रहीमला शिक्षा झाली ती २०१७ मध्ये. तब्बल पंधरा वर्षांनी!

२०१३ मध्ये सोळा वर्षांच्या एका मुलीने आसाराम बापूंविरुद्ध तोंड उघडलं. तिचे आईवडील बापूंचेच भक्त. तरी त्यांनी लेकीवर विश्वास ठेवला, तिला घेऊन पोलिसांत गेले. २०१८ मध्ये जोधपूरच्या न्यायालयाने बापूंना जन्मठेप सुनावली.

भक्ती सोडा, असं मी म्हणत नाही. पण पैशाचा हिशेब मागावा. लेकीसुनांना एकांतात दर्शनाला पाठवू नये. आणि एखादी रडत घरी आली, तर आधी तिचं ऐकावं. खरा गुरू प्रश्नाने रागावत नाही. जो रागावतो, त्याच्यापासून चार हात लांबच बरं.

येत्या गुरुवारी मी त्या वहिनींच्या शेजारी बसणार आहे. हिशेब आम्ही दोघी मिळून विचारू.